फौजदाराची नाडी

फौजदार हा आमच्या पिंपरटेक गावातला सगळ्यात निरोगी माणूस होता. म्हणजे होता बैल. खिलारी, दुधात धुतल्यासारखा पांढरा, शिंगं अशी की त्यांच्यामधून पाहिलं तर शेजारचा तालुका दिसावा. पण सरकारच्या संगणकात सात महिने तो माणूस होता आणि तिथं त्याचं नाव त्याच्या मालकाचं, हणमंत विरकर असं होतं.

मी बबन गोरड, गाव मला तात्या म्हणतं. जनावरांच्या बाजारात उभा जन्म दलाली केली. आमच्यासारख्याला हेड्या म्हणतात. हेड्याच्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यावं, हे मीच तुम्हाला आधी सांगून टाकतो. कुठलं निम्मं, ते मात्र सांगणार नाही.

त्या साली नाडीपट्टे नवे आले होते. बोटभर रुंदीचा करडा पट्टा, मनगटाला बांधायचा, आणि त्याच्या पोटाशी एक बारीक हिरवा दिवा. युक्ती साधी होती. रक्त हिरवा उजेड पिऊन टाकतं. काळजाचा ठोका पडला की मनगटात रक्ताची लाट येते, त्या क्षणी उजेड जास्त प्यायला जातो आणि पट्ट्याकडे कमी परततो. असा ठोक्यामागून ठोका मोजत तो पट्टा तुमच्या नाडीचं चित्र काढत राहायचा. जोडीला अंगाची ऊब, हाताची हालचाल, झोप, धाप, सगळं. आता एकाचं अंग मुळात गरम, दुसऱ्याचं गार. पैलवानाची नाडी संथ, बारक्या पोराची पळती. म्हणून पहिला महिनाभर पट्टा कुणाला काही बोलायचा नाही. फक्त शिकायचा, की या माणसाची ठेवण अशी आहे. त्या ठेवणीपेक्षा काही वेगळं दिसलं, तरच पुढे ओरडायचा.

हे सगळे पट्टे मिळून गावाचा रंग ठरायचा. निरोगी गाव नकाशावर हिरवं, दुखणाईत गाव लाल.

दुसरं यंत्र डॉक्टरांसाठी होतं. त्याचं सरकारी नाव एका दमात म्हणता येत नाही. लोक त्याला ‘सोयरीक’ म्हणायचे, कारण ते डॉक्टर आणि गाव यांचं लग्न जुळवायचं. खेड्याला डॉक्टर मिळतो, पण नांदत नाही, हे दुखणं जुनं. दवाखान्यावरच्या पाटीचा रंग वाळायच्या आत साहेब बदलीच्या खटपटीला लागलेले असायचे. मग कुणा एका डोकेबाज माणसानं गेल्या तीस वर्षांत कुठला डॉक्टर कुठं किती राहिला, ही सगळी माहिती यंत्राला चारली आणि विचारलं, जे टिकले ते का टिकले? यंत्रानं भरपूर रवंथ केला आणि सांगितलं की पगारानं थोडा फरक पडतो, बंगल्यानं त्याहून थोडा. पण खेड्यात वाढलेला खेड्यात टिकतो, आणि लहानपणी ज्या बोलीत हट्ट केला त्याच बोलीचा मुलूख मिळाला तर फारच टिकतो.

म्हणून सोयरीक प्रत्येक डॉक्टरचे प्रत्येक गावाशी दोन आकडे काढायची. एक टिकाव, म्हणजे हा इथं किती वर्षं राहील. दुसरी गरज, म्हणजे गाव किती दुखतंय. दोन्हींचा गुणाकार करायचा आणि ज्या पाच गावांचा गुणाकार मोठा, ती डॉक्टरपुढे ठेवायची. सक्ती नव्हती. पटलं तर हो म्हणा, नाहीतर शहर मोकळंच होतं.

आता हणमंताची कार्तिकी. त्याची एकुलती एक लेक. माझ्या डोळ्यांदेखत बाजारात वाढली. इतर पोरं दुधाचे दात मोजायची तेव्हा ही खोंडांचे मोजायची. पाचवीत असताना एका व्यापाऱ्याला तिनं भर बाजारात सांगितलं होतं, “काका, ह्याचा मागचा उजवा पाय दुखतोय. तुम्ही पळवून दाखवू नका, चालवून दाखवा.” तो सौदा मोडला. माझी दलाली बुडाली आणि मी तिला पेढा दिला.

ती डॉक्टर झाली, पुण्यात एका मोठ्या इस्पितळात पुढचं शिक्षणही संपवलं. तिथं तिला कायमची जागा तयार होती. चौदाव्या मजल्यावर. हणमंताला इस्पितळाचं नाव नीट घेता येत नव्हतं, पण मजला पाठ होता. बैलाचा भाव सांगता सांगता मध्येच तो म्हणायचा, “आमची कार्ती चौदाव्या मजल्यावर बसती.” आमच्या गावात पाणीसुद्धा दुसऱ्या मजल्यावर चढत नाही. लोक आ वासून ऐकायचे. मी ऐकायचो, आणि पुढच्या गावात जाऊन चौदाचे अठरा करायचो.

अशातच एका बाजारच्या दिवशी हणमंत फौजदाराला घेऊन चढ चढत होता आणि मधेच मटकन खाली बसला. छातीवर हात. तोंड राखेसारखं.

“काय झालं रं?”

“गॅस.”

“गॅस छातीत फडफडत न्हाय, हणमंता. मला इथनं दिसतंय.”

फौजदार त्याच्या डोक्यावरचा फेटा चाटत उभा राहिला. मग हणमंत म्हणाला, “पट्टे कधी वाटणार हायत?”

“सोमवारी.”

“माझ्या मनगटाला बांधला की ह्यो पट्टा बोंबलणार. गाव लाल होणार. आन् कार्तीला सोयरिकीत पयलं आपलंच गाव येणार. पोर येणार बघ, तात्या. मागचा-पुढचा इचार न करता येणार.”

“मग येऊ दे की. डॉक्टर पायजेच हाय गावाला.”

“तुला कळत न्हाय,” तो म्हणाला. “आपल्यातला शिकून गेलेला माघारी आला की लोक काय म्हणत्यात? जमलं न्हाय, म्हणत्यात. तिच्या पाठीमागं असं कुणी बोललेलं मला चालायचं न्हाय.”

सोमवारी पट्टे आले आणि हणमंतानं त्याचा पट्टा फौजदाराला बांधला. शेपटीला. बैलाच्या शेपटीच्या बुडाशी, आतल्या बाजूला, जिथं केस नसतात तिथं, शीर चांगली उडते. गुरांचे डॉक्टर तिथंच बोट ठेवतात. पट्टा महिनाभर शिकला. बिचाऱ्याला काय ठाऊक? त्यानं पक्कं ठरवून टाकलं की हणमंत विरकर नावाच्या या इसमाची नाडी पंचावन्न, अंगाची ऊब एकशे एक, आणि हीच त्याची ठेवण.

एकट्यानं भागलं असतं तर गोष्ट इथंच संपली असती. पण गावाचा रंग एकाच्या पट्ट्यानं ठरत नाही. हणमंतानं पारावर चार माणसांना सांगितलं की पोरीला मोठ्या जागेवर राहू द्यायचं असेल तर गाव हिरवं दिसलं पाहिजे. कार्तिकी एकट्या हणमंताची थोडीच होती; बारावीला बोर्डात आली तेव्हा अख्ख्या गावानं गुलाल खेळला होता. गजराबाईचा दमा तालमीतल्या पैलवानाच्या दंडावर गेला. सरपंचाची साखर त्याच्या भाच्यानं बांधली. पैलवान दोन्ही दंडांवर मिळून इतके पट्टे घालून हिंडायचा की त्यानं एक जोर मारला तर संगणकात निम्मं गाव व्यायाम करत असायचं. माझाही पट्टा त्याच्याकडंच होता. सरकारच्या लेखी माझं काळीज तेव्हा बावीस वर्षांचं होतं.

पिंपरटेक हिरवं झालं. इतकं हिरवं, की आमच्या कोरड्या माळावर तसा रंग देवानंही कधी काढला नव्हता. गरज शून्य. आणि शून्यानं गुणलं की काय उरतं, ते शाळेत गेलेल्यांना ठाऊक आहे. मी बाजारात शिकलो.

पावसाळा सरता सरता बातमी आली की जिल्ह्यातलं सर्वांत निरोगी गाव म्हणून पिंपरटेकला ढाल मिळणार. त्याच आठवड्यात कार्तिकीचा फोन आला. हणमंतानं मला शेजारी बसवून घेतलं होतं. पडद्यावर पोर दिसत होती. मागं काचेच्या भिंती, त्यापलीकडं नुसतं आभाळ.

“आप्पा, सोयरिकीत पाच गावं आली माझ्यापुढं. आपलं न्हाय त्यात.”

“आरारा,” हणमंत म्हणाला. दुःख करायला त्याला येत नव्हतं. आनंद कानापर्यंत पोचला होता. “जाऊ दे. तुझी पुण्याची जागा हाय की.”

“छातीत काही होतंय का तुमच्या?”

“छातीत काय असायचंय? अभिमान हाय.”

“घरचं माणूस म्हणून तुमच्या पट्ट्याचं मला दिसतं, आप्पा. सात महिने तुम्हाला एकशे एक ताप हाय.”

“अंग गरम हाय आमचं. विरकरांचं पहिल्यापासनं.”

“आणि बेंदराला काय झालं होतं? नाडी शंभराच्या वर. संध्याकाळपर्यंत उतरली न्हाय.”

हणमंतानं माझ्याकडं बघितलं. मी तोंड पुढं केलं. “मिरवणुकीत होता गं तो. वाजंत्री, गुलाल. नाचला जरा.”

बेंदूर म्हणजे आमच्याकडचा पोळा, मिरवणूक बैलांचीच. यात एक शब्द खोटा नव्हता.

“बरं. मग दिवसभर हात कशाला झटकताय?”

“माश्या लई झाल्यात,” हणमंत म्हणाला. तेही खरंच होतं.

पलीकडं ती पडद्याजवळ सरकली. मग अगदी गोड आवाजात म्हणाली, “तात्या, फौजदार कसा हाय?”

“ठणठणीत.”

“वाटलंच मला,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

ढालीच्या दिवशी सकाळी आम्ही गोठ्यात होतो. फौजदाराची शिंगं घासून झाली होती, झूल घालायची बाकी होती, कारण हणमंताच्या मते सोहळ्यात फौजदार दिसणं भाग होतं. कार्तिकी दुपारी पाहुणी म्हणून येणार होती, हारतुऱ्याला. ती आली पहिल्या एसटीनं. पाठीला पिशवी, गळ्यात कानात घालायची ती नळी. माझ्याकडं नाही, बापाकडं नाही, सरळ फौजदारापुढं जाऊन उभी राहिली आणि दोन्ही हात जोडले.

“नमस्कार, आप्पा,” ती बैलाला म्हणाली. “तब्येत बरी हाय न्हवं?”

फौजदारानं तिची पिशवी हुंगली. ती मागं गेली, शेपूट उचलली, पट्ट्याच्या खाली दोन बोटं टेकवली आणि घड्याळाकडं बघत उभी राहिली. बैल हलला नाही. तिच्या हाताची त्याला लहानपणापासून सवय. “पंचावन्न,” ती म्हणाली. “एक नंबर.” आणि पट्टा सोडून घेतला.

“अगं, ते काय हाय,” हणमंत चाचरला, “जनावराच्या तब्येतीवर ध्यान ऱ्हावं म्हणून...”

दारात त्याची बायको संगीता उभी होती, हातात चहाचा तांब्या. “सांगा, सांगा,” ती म्हणाली. “मला सांगितलंत तेच सांगा. पट्टा धुऊन शेपटीवर वाळत घातलाय म्हणून.”

“हात द्या, आप्पा,” कार्तिकी म्हणाली.

हणमंतानं दोन्ही हात पाठीमागं घेतले. साठीचा गडी, पण शाळेत छडी चुकवणाऱ्या पोरासारखा दिसला. “आज सोहळा हाय. आजच्या दिवशी दवाखाना नको.”

ती त्याच्या मागं पळाली नाही. तिनं माझ्या खांद्यावरचा टॉवेल ओढून घेतला. “बरं, तपासणी ऱ्हाऊ दे. सौदा करू. तुम्ही म्हणताय पुणं, मी म्हणते पिंपरटेक. किती वर्षं ते ठरवू. मधी तात्या.”

आता बाजारात न गेलेल्यांना हे सांगायला हवं. आमच्यात जनावराचा भाव तोंडानं ठरत नाही. दोघांच्या हातांवर टॉवेल टाकायचा आणि खाली बोटं धरायची. एक बोट धरलं तर एक, चार धरली तर चार, पंजा म्हणजे पाच. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी आकडा दोघांतच राहतो. आणि टॉवेल पुढं आला की बाजारात मुरलेल्या माणसाचा हात आपोआप पुढं जातो. त्याला विचार लागत नाही.

हणमंताचा हात गेला.

मी त्याच्या तोंडाकडं बघत होतो. मधल्या माणसाचं तेच काम. आधी तो बेरकी हसला. मग मान हलवली, जमणार नाही म्हणून. मग भुवया चढवल्या. आणि मग सौदा थांबला. टॉवेल हलेना. मी कार्तिकीकडं पाहिलं तर तिचे डोळे मिटलेले. सौद्यात कुणी डोळे मिटत नाही. समोरच्याचा चेहरा वाचायचा असतो. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की टॉवेलाखाली ती बोटं धरून बसलेली नाही.

हणमंतालाही कळलं. त्यानं हात ओढला. तिनं सोडला नाही.

“आप्पा,” डोळे न उघडता ती म्हणाली, “ठोका लंगडतोय.”

“लंगडू दे. लंगडं जनावरबी चालतंयच की.”

“लंगडणाऱ्याला ताल असतो. तीन पावलं बरी, एक वाईट. तुम्हीच शिकवलंय मला. ह्याला तालच न्हाय.”

मग तिनं आम्हाला समजावून सांगितलं, फौजदाराच्या गव्हाणीवर बसून. काळजाला चार खोल्या असतात. वरच्या दोन खोल्यांनी एकदम आकसून रक्त खाली लोटायचं असतं. हणमंताच्या त्या दोन खोल्या आकसत नव्हत्या, नुसत्या थरथरत होत्या, वाऱ्यावर सुटलेल्या कापडासारख्या. अशानं रक्त कोपऱ्यात साचतं, साचलं की गुठळी होते, आणि ती गुठळी सुटून डोक्यात गेली की एका बाजूचा हात-पाय जातो, नाहीतर माणूसच. वेळेत कळलं तर गोळ्या आहेत. रोज घ्याव्या लागतात आणि कुणीतरी डोळा ठेवावा लागतो.

“सात महिने हे तुमच्या मनगटात होतं,” ती म्हणाली, आणि इथं तिचा डॉक्टरी आवाज फाटला. “आणि मी तिकडं फौजदाराची नाडी बघून निवांत झोपत होते.”

संगीतानं तांब्या खाली ठेवला.

“तुझ्यासाठीच केलं गं,” हणमंत म्हणाला. “बापाच्या दुखण्यापायी तू माघारी आलीस तर लोक...”

“तुमच्या दुखण्यापायी मी येतच न्हाय. तसं आले तर तुम्हाला बरं वाटल्यावर जायला पायजे. मला यायचंच होतं. यादीत गाव दिसेना म्हणून मी आठ दिवस रडले, हे तुम्हाला कोण सांगणार?”

“चौदावा मजला सोडून?”

कार्तिकीनं डोळे पुसले आणि बापाकडं असं बघितलं की मला पाचवीतली पोर दिसली. “आप्पा, तुमच्याकडं जातिवंत खोंड हाय. दोन बाजार भरल्यात. एका बाजारात खिलारांची दावण लागलीय, आणखी एक गेला काय, न गेला काय, कुणी मान वळवून बघायचं न्हाय. दुसऱ्या बाजारात एकबी खिलार न्हाय. तुम्ही खोंड कुठं नेता?”

मी त्याच्यासोबत उभा जन्म काढलाय. तो कुठं नेतो ते मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे त्याला ठाऊक होतं. त्याच्या तोंडावर एक हसू आलं. पुण्यासाठी यायचं त्याहून रुंद.

“तात्या, ह्या पोरीला बोलायला कुणी शिकवलं रं?”

“तुझंच बियाणं,” मी म्हटलं.

“पण आता उपयोग काय?” कार्तिकी म्हणाली. “शनिवारी मला निवड कळवायची. गाव हिरवंगार हाय. गरज शून्य. आज तर ढाल मिळणार. शून्याला सोयरीक कशी जुळणार?”

हणमंत उठला. फौजदाराच्या पाठीवर झूल टाकली, गोंडे सारखे केले. “चला,” तो म्हणाला. “ढाल घेऊ.”

शाळेच्या पटांगणात मांडव होता. जिल्ह्याच्या आरोग्य अधिकारी देशमाने मॅडम आल्या होत्या. चष्मेवाल्या, बेताचं बोलणाऱ्या. त्यांनी गावाचं कौतुक केलं, स्वच्छ हवा म्हणाल्या, कष्टाचं जीवन म्हणाल्या. समोर गजराबाई दम लागू नये म्हणून पदर तोंडात धरून बसली होती. सरपंच ढाल घ्यायला पुढं सरकले, तेवढ्यात हणमंत बैलासकट मंडपात शिरला.

“मॅडम, ढाल ज्याची त्यालाच द्या.”

“म्हणजे?”

“ह्यो हणमंत विरकर. तुमच्या यंत्रात सगळ्यात तगडा. नाडी पंचावन्न.” त्यानं कार्तिकीकडून पट्टा घेऊन वर धरला. “आन् मी कोण, ते तुमच्या यंत्राला अजून ठाऊक न्हाय. मला छातीचं दुखणं हाय. सात महिने लपवलं.”

सरपंच ढालीकडं हात पुढं करून तसेच थांबलेले. साऱ्या गावाची नजर हणमंतावर. त्यात राग होता, भीतीही होती. ढाल जाणार, वर गुन्हा दाखल होतो की काय. त्या क्षणी गावानं मान खाली घातली असती तर कार्तिकी शनिवारी पुण्याच्या जागेला हो म्हणाली असती.

गजराबाईनं तोंडातला पदर काढला. “माझा दमा त्या पैलवानाच्या दंडावर हाय,” ती धापा टाकत म्हणाली. “वीस वर्साचा हाय. लई जुना.”

“जुन्याचं काय सांगतीस,” मागून कुणीतरी म्हणालं, “माझे गुडघे तुझ्या दम्याच्या आधीचे.”

“गुडघ्यानं माणूस मरत न्हाय. माझी साखर बघा,” हे सरपंच. हात अजून पुढंच.

मग काय. ज्या गावानं सात महिने दुखणं दडवलं, त्या गावानं ते पोळ्याच्या बैलासारखं सजवून बाहेर काढलं. एकानं कंबर दाखवली, एकीनं डोळा. ज्यांना काहीच झालेलं नव्हतं ते तोंड पाडून बसले. पैलवान व्यासपीठावर आला आणि एकेक पट्टा उतरवून नावं पुकारायला लागला.

देशमाने मॅडमनी चष्मा काढून पुसला. “म्हणजे हे गाव आजारी आहे?”

हणमंतानं छाती काढली, तीच, दुखरी. “जिल्ह्यात पहिलं असंल, मॅडम. तपासून घ्या. कमी भरलं तर माझं नाव बदला.”

बाई रागावतील असं मला वाटलं होतं. रागावल्याही, चौकशी होईल म्हणाल्या. मग कार्तिकी पुढं झाली, तिनं आपलं शिक्षण सांगितलं, सोयरिकीतला टिकाव सांगितला आणि म्हणाली, “मॅडम, पट्टे पुसून खऱ्या मनगटांना बांधले तरी शिकायला महिना जाणार. मला शनिवारपर्यंत वेळ आहे. हातानं तपासलेलं चालेल का?”

“गावभर? एकटी?”

“माझंच गाव आहे. लपवायला कुणाला कुठं जागा मिळते, ते मला माहिती आहे.”

बाईंनी थोडा विचार केला. “मी एक नर्स आणि तपासणीचं सामान पाठवते,” त्या म्हणाल्या. निघताना हळूच मला विचारलं, “ती शीर शेपटीला नेमकी कुठं असते हो?” मी दाखवली. ढाल मात्र परत नेली नाही. फौजदारानं ती शिंगात अडकवून घेतली होती आणि काढून घ्यायला कुणी पुढं होईना.

तीन दिवस कार्तिकी शाळेच्या ओट्यावर बसली. पहिला नंबर हणमंताचा. त्याच्या काळजाचा आलेख नर्सबाईंनी पडद्यावर दाखवला तर तो म्हणाला, “झकास आलाय,” आणि शेजारच्यांना दाखवत सुटला. शनिवारी सकाळी नकाशा उघडला. पिंपरटेक लाल. नुसतं लाल नाही, कुंकवासारखं. आजूबाजूची गावं आमच्यापुढं फिकट दिसत होती, आणि त्या लालीचा गावाला असा काही अभिमान वाटला की लोक परगावच्या पाहुण्यांना फोनवर नकाशा दाखवायला लागले. सोयरिकीच्या यादीत आमचं गाव पहिलं. समोर टिकाव लिहिलेला: नऊ वर्षं. कार्तिकीनं बोट टेकवलं.

हणमंत तिथं थांबलाच नाही. गोळी घेतली, फेटा बांधला आणि बाजाराला निघाला. मी मागं. पहिल्याच व्यापाऱ्याला गाठून त्यानं सांगितलं, “आमची कार्ती आता जमिनीवर बसती. चौदाव्या मजल्यावर कुणीबी बसंल हो, लिफ्ट असती. जमिनीवर बसायला माणूस तयारीचा लागतो.” मी पुढच्या गावात जाऊन सांगितलं की तिला न्यायला पुण्याहून विमान आलं होतं आणि तिनं ते रिकामं परत पाठवलं.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. नाडीपट्टा आता पहिल्या दिवशी तपासतो की ज्याला बांधलाय त्याला शेपूट तर नाही. ही सुधारणा आमच्या गावाच्या नावावर आहे. फौजदार म्हातारा होऊन गेला. ढाल कार्तिकीच्या दवाखान्यात लावलीय, शिंगाच्या ओरखड्यासकट. यंत्रानं लिहिलेली नऊ वर्षं केव्हाच सरली. सोयरिकीची माणसं एकदा येऊन बघून गेली की आपला हिशोब चुकला कुठं. आता आसपासच्या चार गावांत इकडचीच, शिकून गेलेली पोरं डॉक्टर होऊन माघारी आलीत आणि त्यांच्या पाठीमागं ‘जमलं नाही’ असं कुणी म्हणत नाही. म्हणायची सोय राहिली नाही. आमचा हणमंत बाजारात उभा असतो ना.

हो, अजून उभा असतो. गोळ्या घेतो, चढावर दमतो, बढाई मारताना दमत नाही.

परवा दोघं बाजारात बसलो होतो. समोर एक सौदा चालला होता, टॉवेल टाकून. मला बरेच दिवसांचं एक विचारायचं होतं.

“हणमंता, त्या दिवशी गोठ्यात टॉवेलाखाली तिनं किती बोटं धरली होती रं? किती वर्षांना ठरला सौदा?”

सौद्यातला आकडा मधल्या माणसानंही विचारायचा नसतो. पण आता आमचं वय झालं.

“बोटांवर ठरलाच न्हाय,” हणमंत म्हणाला. “मी दोन म्हणत होतो, ती पुढं सरकत गेली आणि मनगट धरलं.”

“मनगटाचा आकडा किती?”

त्यानं समोरच्या टॉवेलाकडं बघितलं. डावा हात उजव्या मनगटावर गेला, सवयीनं, जिथं ती रोज सकाळी दोन बोटं ठेवते तिथं.

“मनगटाला आकडाच न्हाय, तात्या,” तो म्हणाला. “म्हणून तर सौदा अजून चालू हाय.”